आतली सतरंजी

"आत्या, तू लोकांच्या मयताला जातेस ती बुकिंग मिळावं म्हणून जातेस का?"

वनिताच्या ओठांत साडीची पिन होती, त्यामुळे तिला लगेच उत्तर देता आलं नाही. तिने निऱ्या पुन्हा सरळ केल्या, खोचल्या, पिन काढून खांद्यावर पदराला लावली आणि मगच आरशातून मृणालीकडे पाहिलं. मृणाली दारात उभी होती. तिचा एक हात पाठीमागे होता आणि त्या हातात फोन होता.

"कोण आहे फोनवर?"

"कुणी नाही."

"मग त्या कुणी-नाहीला सांग, आत्याला उशीर होतोय, नंतर बोलू."

फोनमधून बारीक हसू ऐकू आलं. मृणालीने फोन कट केला, पण दारातून हलली नाही. तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत तिला हे सगळं फार सोपं वाटलं होतं. पंधरा ऑगस्टला शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिने एकटीने केलं होतं, मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं तेव्हा हसत हसत माईक परत घेतला होता, आणि तेव्हापासून आपण कुणालाही काहीही विचारू शकतो अशी तिची खात्री झाली होती. तिच्या वर्गातल्या स्नेहलने नेमकं तेच पकडलं. स्नेहलच्या मामाचा कामतघरला मंडपाचा धंदा आहे. मामा म्हणाला होता, टेमघरची ती वनिता मॅडम मयताच्या घरी आमच्याही आधी पोचते.

"एवढी स्टेजवर बोलतेस ना," स्नेहल सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मग आत्याला विचारून दाखव. आणि फोन चालू ठेव, नाहीतर तू घरी जाऊन पलटी मारशील."

मामाचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. इकडच्या गावांमध्ये ज्या घरात मुलीचं लग्न ठरलंय तिथे कुणी गेलं, तर लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. तीन वर्षं थांबायला मुलाकडचे तयार नसतात. म्हणजे घरात मयत झालं की मागोमाग हॉलची तारीख आलीच. हे मंडपवाल्यांना माहीत असतं, बँडवाल्यांना माहीत असतं, आणि वनिता तर बायपासवरच्या हॉटेलात हॉल आणि खोल्या विकायचं काम करत होती. सुरुवातीला ती रिसेप्शनवर फोन उचलायची. आता तिच्या नावाची कार्डं होती. दिवाळीनंतर तिला सीनियर करायचं की बाहेरून कुणाला आणायचं, हे ठरणार होतं.

अंजूरचे केसरीनाथ दोन दिवसांपूर्वी गेले होते. त्यांच्या नातीचा, रूपाचा, साखरपुडा झाला होता. तिचा नर्सिंगचा कोर्स संपला की लग्न करायचं, असं ठरलं होतं. आता तेवढं थांबणं होणार नव्हतं.

वनिताने ओट्यावरच्या तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात घेतल्या, वरणाच्या डब्याचं झाकण दाबून पाहिलं.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "तूच ये आणि बघ. मग तुझ्या मैत्रिणींना काय सांगायचं ते सांग."

"मी? मयताच्या घरी?"

"विचारताना भीती वाटली नाही, मग आता काय झालं?"

जिन्यात वनिताचा भाऊ मिलिंद बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. दुपारची शिफ्ट होती त्याची, एका कुरियर कंपनीच्या गोदामात. बहिणीच्या हातातलं फडकं आणि मागून येणारी आपली मुलगी पाहून तो उठला, पण बाजूला झाला नाही.

"हिला कुठे नेतेस?"

"अंजूरला. केसरीनाथकाकांकडे."

"तू जा. तुझी नोकरी आहे. हिला नको."

"दादा, सुट्टी आहे तिची. तासाभराने परत येऊ."

मिलिंद हळू आवाजात बोलायचा, आणि राग आला की आणखी हळू. "आपले आजोबा काय करायचे ते हिला माहीत नाही. तुला आहे ना? कुणी मेलं की कोंडूआजाने या गावाहून त्या गावाला खबर न्यायची. पाऊस असो, ऊन असो. कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. लांबून सांगायचं आणि तसंच परत फिरायचं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी सगळ्यात आधी ते काम सोडलं. गावाने त्रास दिला, तरी सोडलं. आणि तू चांगली साडी नेसून स्वतःहून मयताच्या दारात जातेस."

फडक्याची गाठ सुटली नव्हती, तरी वनिताने ती पुन्हा बांधली. गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

"जाऊ दे तिला," आतून मृणालीच्या आईचा आवाज आला. शिलाई मशीनची टकटक थांबली होती. "घरात बसून नुसता फोन बघते."

मिलिंद भिंतीला चिकटून उभा राहिला, म्हणून दोघी खाली उतरू शकल्या. तो मृणालीला एवढंच म्हणाला, "सोमवारी क्लासला जायचंय. डेमो लेक्चर आहे, लक्षात ठेव."

अकरावी सायन्सची आधीपासून तयारी करून घेणारा तो क्लास होता. मृणालीने फार्मसी करायची, हे घरात कधी ठरलं ते तिला आठवत नव्हतं. तिला एखादी गोष्ट आठवायला लागली, तेव्हापासून ते ठरलेलंच होतं.

*

हॉटेलच्या फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा मॅनेजर जीवन सर स्वतः बाहेर आले. त्यांच्या हातात निशिगंध आणि झेंडूचं मोठं गोल चक्र होतं. ते त्यांनी मृणालीच्या मांडीवर ठेवलं. ओल्या फुलांचं पाणी तिच्या सलवारीत उतरलं.

"वनिता, आपल्याकडून पॅक जेवण पाठवलं असतं की. पन्नास डबे, आपला स्टिकर लावून."

"नको सर. भाकऱ्या केल्यात मी."

"ठीक आहे. मुलीच्या वडिलांना, राघोशेठना, फक्त एवढंच विचार, फेब्रुवारी की एप्रिल. मी दोन्ही तारखा धरून ठेवतो. संध्याकाळपर्यंत सांग. दुसरा हॉलवाला कालच जाऊन आलाय म्हणे." त्यांनी रिक्षाच्या दांड्यावर हात ठेवला. "ऑल द बेस्ट," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी हात काढून घेतला.

रिक्षा निघाल्यावर मृणालीने चक्रावरची फीत वाचली. लाल सॅटिन, सोनेरी अक्षरं. वर हॉटेलचं नाव. खाली, जरा लहान अक्षरांत, 'हळद, लग्न, वाढदिवस यांसाठी संपर्क' आणि नंबर. नंबर आत्याचाच होता.

"हे असं?"

"फिती एकदाच छापून घेतल्यात. बुकेला पण हीच, याला पण हीच."

वनिताने खांद्यावरची पिन काढली आणि फितीच्या टोकाला मारलेल्या स्टेपलच्या पिना एकेक उचकटायला लागली. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती. पदर दोनदा घसरला, तो तिने हनुवटीखाली धरला. फीत सुटली तेव्हा तिची घडी करून तिने पर्समध्ये टाकली आणि पिन परत पदराला लावली.

"सर ओरडतील."

"फुलं पोचली ना, मग झालं."

"मॅडम, अंजूर में किधर?" रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं. "गोडाऊन साइड या गाँव साइड?"

"गाँव साइड, भैया. जिधर मय्यत हुई ना, वो घर."

रिक्षावाल्याने गाण्याचा आवाज पूर्ण बंद केला.

दोन्ही बाजूंनी गोदामांचे निळे पत्रे सुरू झाले. मध्येच एखादं भाताचं शेत, कापणी झालेलं, आणि लगेच पुन्हा निळी भिंत. मृणालीला गप्प बसवत नव्हतं.

"तिथे काय बोलायचं असतं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तेवढं जमलं तरी खूप."

मग वनिताच बोलायला लागली. "मी नवीन होते तेव्हा या घरी आले होते. काकांच्या मोठ्या नातवाची हळद व्हायची होती. हळदीला आख्खं गाव जेवतं इथे. मी रंगीत ब्रोशर घेऊन आलेले. हॉलचे फोटो, पॅकेज, सगळं पाठ करून. काका म्हणाले, कागद ठेव पोरी तिकडे. चाय घे आधी. मी म्हटलं, काका, दोन मिनिटं बघा तरी. ते म्हणाले, हॉल मी बघीन माझ्या डोळ्यांनी. तू आमचं घर बघ. आमची म्हातारी माणसं कुठं बसतात, कुणाला काय चालतं, कोण कुणाशी बोलत नाय. ते तुला ठाऊक नसलं तर आमचे पाहुणे तू सांभाळशील कशी?"

"मग?"

"मग काय, दुपारभर बसले. त्यांनी हळद आमच्या हॉलला दिली. वर आणखी चार गावांत मला घेऊन फिरले. ही आपली पोरगी हाय, असं सांगत."

वनिताने बाहेर पाहिलं. तिचं बोलणं तिथेच थांबलं, आणि मृणालीनेही पुढचं विचारलं नाही. तिला ते विचारायचं सुचलंच नाही, ही तिच्या बाबतीत जरा नवलाचीच गोष्ट होती.

*

घर नवीन होतं, दोन मजली, गुलाबी. पण मागची पडवी जुनी तशीच ठेवलेली होती. बाहेर मंडपात पुरुष खुर्च्यांवर बसले होते. एका कोपऱ्यात पांढरा शर्ट घातलेला एक माणूस मांडीवर बॅग घेऊन बसला होता, आणि तो शोक करायला आलेला नाही हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. वनिताकडे पाहून त्याने मान हलवली. वनितानेही हलवली. फुलांचं चक्र तिने फोटोपाशी टेकवलं, हात जोडले आणि मंडपात न थांबता बाजूने पडवीकडे वळली.

पडवीत मोठी सतरंजी अंथरली होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधोमध शेवंताआजी, केसरीनाथांची बायको. कपाळ मोकळं, हात मोकळे. घरची चूल बंद होती. शेजाऱ्यांनी आणलेले डबे एका बाजूला रांगेने ठेवलेले होते आणि बरेचसे उघडलेलेही नव्हते.

वनिता सरळ आजींपाशी जाऊन बसली. काही न बोलता. आजींनी तिचा हात धरला आणि त्यांना एकदम रडू फुटलं, जसं काही त्या कुणीतरी येण्याचीच वाट बघत होत्या. बाकीच्या बायकाही रडल्या. मग हळूहळू आवाज खाली आला.

मृणाली दाराजवळच थांबली होती. बसायचं कुठे ते न कळून ती सतरंजीच्या बाहेर, उंबऱ्याला लागून, उघड्या लादीवर बसली. गप्प बसायचं म्हणून तिने दात घट्ट आवळून धरले होते.

"ती कोन गो?" आजींनी डोळे पुसत विचारलं.

"माझी भाची, काकी. मिलिंददादाची मुलगी."

"मूळ गाव कनचं तुमचं?"

वनिताने गावाचं नाव सांगितलं. अंजूरच्या अलीकडचंच होतं ते. आता तिथे त्यांचं कुणी नव्हतं.

"त्या गावचा कोंडू व्हता एक," आजी म्हणाल्या.

मृणालीच्या तोंडून निघून गेलं. "ते माझे पणजोबा."

वनिताने तिच्याकडे पाहिलं. आजींनीही पाहिलं, आता नीट, डोळे बारीक करून.

"माझे आज्याची खबर त्यानंच आनली व्हती," त्या म्हणाल्या. "माझं माहेर खाडीपल्याडचं. मी इवलीशी व्हते, आंगनात खेलत व्हते. लांब आंब्याखाली उभा राह्यला आनि तिथनंच वरडला. घरात रडारड झाली. मग समदी आपापल्या गडबडीत. लय ऊन व्हतं. त्याला कुनी पानी सुदीक न्हाय इचारलं."

एका बाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. बाहेर कुणाच्या तरी खुर्चीचा पाय फरशीवर खरडला.

आजी जरा बाजूला सरकल्या. सतरंजीवर त्यांच्या आणि वनिताच्या मध्ये जागा झाली.

"अशी भायेर का बसलीस? आत ये. हितं बस."

मृणाली उठली. चार बायकांचे पाय ओलांडून जाताना तिला स्टेजवर कधी वाटली नव्हती तशी लाज वाटली. ती जाऊन बसली. आजींचा दंड तिच्या दंडाला लागत होता. तो फार हलका होता, आणि गरम.

"आजीने कालपासून काही खाल्लं नाही," समोरून एक मुलगी म्हणाली. ती रूपा होती. तिच्या मांडीवर नर्सिंगचं जाड पुस्तक पालथं पडलं होतं, आणि ते तिथे आहे हेही ती विसरली असावी.

वनिताने फडक्याची गाठ सोडायला घेतली. सकाळी इतकी घट्ट मारलेली गाठ काही सुटेना. शेवटी मृणालीने ती दातांनी सैल केली. वनिताने वरणात भाकरीचा तुकडा भिजवून ताटली आजींच्या समोर ठेवली. 'खा' म्हणून कुणी आग्रह केला नाही. आजींनी तो तुकडा उचलला, बराच वेळ नुसता हातात धरला. मग खाल्ला. मग दुसरा.

रूपाने तोंड फिरवलं आणि ओढणी डोळ्यांना लावली.

तेवढ्यात दारात राघो आला. रूपाचा बाप. दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात फोन.

"वनिता मॅडम, जरा बाहेर येता काय? तो दुसरा हॉलवाला बसलाय. फेब्रुवारीची तारीख देतो बोलतो, आजच टोकन द्या बोलतो. म्या त्याला सांगितलं, आमचं तुमच्याकडंच असतं. तुमी हां बोला, की संपलं."

वनिताचा फोन पर्समध्ये थरथरला. उघडी पर्स मृणालीच्या गुडघ्याला लागून होती, त्यामुळे तिला पडद्यावरचं नाव दिसलं. जीवन सर. मृणालीला वाटलं, आता आत्या उठेल. एक 'हो', बस्स. जिन्यातलं बाबांचं बोलणं, स्नेहलच्या मामाचं बोलणं, सगळं एकदम तिच्या डोक्यात गर्दी करून उभं राहिलं, आणि आत्याने उठावं की उठू नये, यातलं आपल्याला काय हवंय तेही तिला कळेना.

वनिताने राघोकडे पाहिलं. मग रूपाकडे. रूपा मान खाली घालून पुस्तकाच्या कडेवरून नख फिरवत होती.

"राघोभाऊ, काकी जेवतायत," वनिता म्हणाली. "त्यांचं होऊ द्या."

"म्हणजे मी त्याला काय सांगू?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही. पण मी आज तारखेचं बोलणार नाही. तेरावं होऊ द्या. आणि त्याआधी एकदा रूपाला विचारा, तिची परीक्षा कधी आहे ते."

राघो थोडा वेळ दारात उभा राहिला. त्याला राग आला होता की बरं वाटलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. तो परत मंडपात गेला. पर्समधला फोन थरथरून थांबला आणि पुन्हा थरथरायला लागला. वनिताने पर्स उचलून मागे भिंतीशी ठेवली.

आजींनी भाकरी संपवली. वनिताने त्यांना पाणी दिलं, ताटली विसळली, फडकं झटकून घडी केलं आणि उठली. कुणाकडे न बघता, काही न बोलता ती दाराकडे चालायला लागली. मृणालीही उठली. पण इतका वेळ शेजारी बसलेल्या माणसाला न सांगता उठून जायचं, हे तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. लहानपणापासून 'जाते' म्हटलं की आई ओरडायची, जाते नाही, येते म्हणावं. गेल्या वर्षी दिवाळीच्या मेळ्यात हॉटेलच्या स्टॉलवर ती आत्याबरोबर उभी राहिली होती, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला 'पुन्हा या हं' म्हणायचं तिच्या अंगवळणी पडलं होतं. ती वाकली आणि तिने आजींचा हात धरला.

"येते हं, आजी. पुन्हा येते."

एका बाईने तोंडावर हात ठेवला.

"पोरी, मयताच्या घरी येते न्हाय बोलायचं," दुसरी दबक्या आवाजात म्हणाली. "मुकाट उठायचं असतं."

मृणालीचे कान तापले. येते म्हणणं म्हणजे असं दुःख या घरात पुन्हा येऊ दे म्हणण्यासारखं, हे तिला आत्ता, इतक्या उशिरा समजत होतं. दारात वनिता पाठमोरी थांबली होती. तिची पाठ ताठ झाली होती. मृणालीने हात सोडवून घ्यायला पाहिलं.

आजींनी तो सोडला नाही.

"बोलू दे तिला," त्या म्हणाल्या. "दोन दिस झाले, जो तो मुकाट उठून जातोय. मागं बघत न्हाय कुनी." त्यांनी मृणालीच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. "ये गो. तेराव्याला ये. भायेर थांबू नको, सरळ आत ये."

*

दोघी परतीच्या रिक्षात बसल्या. अंजूरच्या नाक्यावर पांढऱ्या शर्टवाला माणूस मोटरसायकलवरून त्यांना मागे टाकून गेला. त्याच्या हातात आता बॅग नव्हती, ती पाठीला होती. टोकन मिळालं की नाही ते काही कळलं नाही.

"गेलं ना बुकिंग?" मृणालीने विचारलं.

"गेलं असेल."

"आणि ते सीनियरचं?"

"बघू."

वनिताने जीवन सरांना फोन लावला. "सर, आज झालं नाही," एवढंच म्हणाली आणि पलीकडचं पुष्कळ वेळ ऐकत राहिली. शेवटी "हो सर" म्हणून तिने फोन ठेवला. तिचा चेहरा थकलेला होता. मृणालीने तिला असं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं. एरवी ती घरी यायच्या आधी जिन्यातच चेहरा ठीकठाक करत असावी.

"सकाळी तू विचारलंस ना," वनिता म्हणाली. "बुकिंग मला हवंच होतं. अजूनही हवंय. उद्या राघोभाऊंनी फोन केला, तर मी तारीख काढेन, मेनू काढेन, सगळं मनापासून करेन. ते माझं काम आहे, आणि मला ते आवडतं. तुझ्या मैत्रिणीला सांग तसं."

"मग तू आज हो का नाही म्हणालीस?"

वनिताने पदराची पिन चाचपली. ती जागेवर होती.

"त्या जेवत होत्या ना," ती म्हणाली.

मृणालीच्या फोनवर स्नेहलचे मेसेज साठले होते. 'विचारलंस का', 'काय बोलली', 'घाबरलीस वाटतं'. मृणालीने 'विचारलं' असं लिहिलं. पुढे खूप काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी 'भेटल्यावर सांगते' एवढंच पाठवलं.

*

रात्रीच्या जेवणाला ताटं मांडली तेव्हा मिलिंद नुकताच शिफ्टवरून आला होता. त्याने मुलीकडे पाहिलं, तिच्या सलवारीवरचा फुलांचा पिवळा डाग पाहिला. विचारलं काहीच नाही. आईने भात वाढला. वरच्या मजल्यावर वनिताच्या खोलीत फोनवर बोलल्याचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते.

"सोमवारी किती वाजता आहे लेक्चर?" आईने विचारलं.

मृणालीने घास ताटातच ठेवला. क्लासबद्दल बाबांना काय सांगायचं, ते भाषण तिने पाठ केलेलं होतं. गच्चीवर फेऱ्या मारत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा तिला आता आठवेना.

"बाबा, तिथल्या आजींना आपले कोंडूआजोबा आठवतात," ती म्हणाली.

मिलिंदचा हात थांबला.

"त्या लहान होत्या तेव्हा ते खबर घेऊन आले होते. आंब्याखाली उभे होते. कुणी पाणी विचारलं नाही, असं त्या स्वतः बोलल्या. सगळ्यांसमोर."

"आणि मग?"

"मग त्यांनी मला आत बसवलं. सतरंजीवर, स्वतःच्या शेजारी."

मिलिंदने पाण्याचा तांब्या उचलला, पण पेला भरला नाही. आई त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणून काय सगळं बदललं?" तो म्हणाला. "एक म्हातारी बोलली म्हणून?"

"नाही," मृणाली म्हणाली. "मी तसं म्हणत नाही." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघत होता, पण कापत नव्हता. "सोमवारी मी क्लासला जाणार नाही, बाबा. मला सायन्स घ्यायचं नाहीये. बारावीनंतर मला आत्याचं काम शिकायचंय. हॉटेलचं."

"मयताला जायचं काम."

"हो. तेही."

वरचं बोलणं थांबलं होतं. आईने मुलीच्या ताटात भाजी वाढायला घेतलेला डाव तसाच धरला होता.

"आणि तेराव्याला मी अंजूरला जाणार आहे," मृणाली म्हणाली. "आत्याला सुट्टी मिळाली नाही, तर एकटी. मी येते म्हणून सांगून आलेय."